प्रीमियम बाटलीबंद पाणी आणि पाण्याची चाखणी

उगमाचे ठिकाण आणि अंगचे क्षार यांच्या जोरावर विकले जाणारे महागडे पाणी, आणि अशी पाणी शेजारी-शेजारी ठेवून चव पारखण्याची पद्धत. या धंद्याशी ठाण्याचे नाते जुने आहे. बिसलेरीचा कारखाना येथे १९६५ मध्ये निघाला. तेव्हा साधे आणि बुडबुड्यांचे, दोन्ही पाणी काचेच्या बाटलीत मिळे. आता वाशी-बेलापूरच्या मोठ्या हॉटेलांत काचेची बाटली पुन्हा दिसते.

लेबलावर आधी प्रकार पाहावा. ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ (भारतीय मानक आयएस १४५४३) बहुधा बोअरचे किंवा नळाचे पाणी आरओतून काढून भरलेले असते. ‘नॅचरल मिनरल वॉटर’ (आयएस १३४२८) उगमापाशीच भरावे लागते. त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, लिटरला १५० ते ७०० मिलिग्रॅम हवा. देखणी बाटली आणि चढा भाव दोन्हींत सापडतो.

नवी मुंबईला मोरब्याचे, ठाण्याला मुख्यतः भातशाचे पाणी. दोन्ही धरणे पावसावर भरतात, खाली बेसॉल्टचा काळा खडक. त्यामुळे पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचे. (त्यालाही घरोघरी आरओ लावतात, ही गोष्ट वेगळी.) या पाण्यावर वाढलेल्या जिभेला लिटरला सुमारे ३४५ मिलिग्रॅम टीडीएसचे फ्रेंच एव्हियन जड लागते, आणि क्षारांनी भरलेले जर्मन गेरोलस्टाइनर तर खारट सोडा. तो पाण्याचा दोष नव्हे. कॅल्शियमने खडूसारखी, मॅग्नेशियम व सल्फेटने किंचित कडवट चव येते. क्षार फारच कमी असले की पाणी बेचव लागते.

चाखणीसाठी पातळ काचेचे, वास नसलेले पेले घ्यावेत. साबणाचा वास राहिला की सगळे फुकट. गरम पाण्याने खळखळून पालथे वाळवावेत, फडक्याने पुसू नयेत. प्रत्येकी ५०-६० मिलिलिटर पाणी, सर्व एकाच तापमानाला, साधारण १५ अंशांवर. बर्फ नको: थंडीने चव दबते आणि बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर क्लोरीनही उतरते. क्रम कमी टीडीएसकडून जास्तीकडे, फसफसणारे शेवटी. आधी हुंगावे, मग घोट जिभेवर क्षणभर फिरवून गिळावा. मधे साधा पाव चालतो; चहा, पान, अत्तर वर्ज्य. नावे झाकून फक्त आकडे लावावेत, नाहीतर जीभ किंमत चाखते.

टेम्पोत उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन पाण्यात उतरते आणि गोडसर, फळासारखा वास येतो. अशी बाटली बाद करावी. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून अंदाजी आकडा देतो. त्यातून जंतूही कळत नाहीत, कोणता क्षार किती तेही नाही.