‘कंत्राटदार’ शब्दाचा घोळ : इराकच्या छावण्यांमधल्या कामगारांची पार्श्वभूमी

इराकमधल्या अमेरिकी छावण्यांत राबायला आपली माणसं गेली, त्यांची ही गोष्ट. फौजेमागं बिनलढाऊ माणसं जाणं नवं नाही. पानिपतावरचे बुणगे सगळ्यांना ठाऊक आहेत, ते पुन्हा सांगत नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेल्या, त्यांच्यामागं भिस्ती, आचारी, खेचरवालेही गेले. तिथल्या कूत गावाच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) उपासमार त्यांच्याही वाट्याला आली. फरक एवढाच, की त्यातले बरेचसे लष्कराच्याच पटावर होते.

तो पट पुढं बदलला. अमेरिकेत १९७३ ला सक्तीची भरती संपली. पगारी सैनिकाला भांडी घासायला लावणं परवडेना. १९८५ मध्ये तिथल्या लष्करानं छावणीतली कामं खासगी कंपन्यांना देण्याची योजना आखली, आणि २००३ ला इराकमध्ये ती पूर्ण ताकदीनं वापरली.

खरा घोळ शब्दाचा आहे. सातारा बाजूला ‘कंत्राटदार’ म्हणजे बोलेरोतून उतरणारा, रस्त्याची नाहीतर कालव्याची बिलं काढणारा माणूस. ३१ मार्च २००४ ला इराकमधल्या फलुजात चार अमेरिकी ‘कंत्राटदार’ मारले गेले, तेव्हा आमच्या पारावर पहिला प्रश्न निघाला : एवढ्या गोळीबारात हे टेंडर भरायला गेलेच कशाला? ते टेंडरवाले नव्हतेच. भटारखान्याचं सामान आणायला निघालेल्या ट्रकांचे ते हत्यारबंद राखणदार होते. इंग्रजी बातमीत करार घेणारी कंपनी, तिचा बंदूकवाला आणि तिच्या मेसमध्ये बटाटे सोलणारा, तिघांना एकच शब्द. मराठीनं तो तसाच उचलला आणि बटाटे सोलणारा गायब झाला. २००८ च्या सुमारास इराक आणि आसपासच्या देशांत मिळून अशी सुमारे १ लाख ९० हजार माणसं होती, जवळजवळ सैनिकांइतकी. त्यात अमेरिकी नागरिक जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेले एकतर इराकी, नाहीतर ‘टीसीएन’, म्हणजे तिसऱ्याच देशाचे. आपली माणसं या तिसऱ्या खान्यातली.

कोरेगावकडचे एक निवृत्त नाईक अशाच एका छावणीच्या मेसमध्ये स्टोअर सांभाळत. फौजेतला शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, पेन्शन असते पण पोरांची शिक्षणं निम्म्यावर असतात. ते गेले त्याचं कारणही हेच. बारा तासांची पाळी, साप्ताहिक सुट्टी नाही, झोपायला कंटेनरमध्ये एकावर एक बाकडी. रॉकेट येत असल्याचा भोंगा वाजला की आधी शेगडी बंद करायची, मग काँक्रीटच्या आडोशाला पळायचं. उलटं केलं तर परत आल्यावर जळक्या डाळीवरून बोलणी. ‘रॉकेटपेक्षा मुकादमाची धास्ती जास्त,’ असं ते हसत सांगतात.

सरकारी निर्णयांबद्दल मात्र माझं मत सरळ आहे. १४ जुलै २००३ ला भारतानं इराकमध्ये फौज पाठवायला नकार दिला, ते शहाणपणाचं होतं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये तीन भारतीय ट्रकचालकांचं अपहरण झालं, १ सप्टेंबरला ते सुटले, आणि तिकडं कामाला जाण्यावर बंदी आली. बंदीनं माणसं थांबली नाहीत. एजंटानं करार कुवेतचा दाखवायचा, पुढची इराकची वाट ट्रकांच्या ताफ्यातून. बेकायदा गेलेला माणूस तक्रार कुणाकडं करणार? पासपोर्ट कंपनीच्या कपाटात राहू लागले. एप्रिल २००६ मध्ये अमेरिकी लष्करालाच ते परत द्यायचा हुकूम काढावा लागला. नुकसानभरपाईचा १९४१ चा अमेरिकी कायदा होता, आजही आहे. परदेशातल्या लष्करी कंत्राटावर मेलेल्या-जखमी झालेल्या कामगाराला, तो कुठल्याही देशाचा असो, तो लागू होतो. पण गावातल्या विधवेला हे सांगणार कोण?

नाईकांच्या जुन्या पासपोर्टात इराकचा शिक्का नाही. कुवेतचे दोन आहेत, एक आत येण्याचा, एक बाहेर पडण्याचा. मधले सव्वीस महिने कोरे.