सावरणे आणि दडपणे : शांत मुलाची नोंद कशी करावी?

गटात मांडलेली कल्पना सर्वांनी हसण्यावारी नेली, तेव्हा सातवीतील दोन मुले सारखीच गप्प राहिली. एकाने मनाशी म्हटले, 'यांना ती नीट कळलीच नाही, उद्या चित्र काढून दाखवतो.' दुसऱ्याने फक्त चेहरा घट्ट धरला; आत संताप तसाच राहिला. शिक्षकांच्या निरीक्षण तक्त्यात मात्र दोघांसमोर 'भावनांवर चांगले नियंत्रण' अशी एकच खूण पडते.

पहिल्याने प्रसंगाचा अर्थच बदलला; हे सावरणे. त्यामुळे राग पूर्ण चढण्याआधीच त्याचे मूळ सैल झाले. दुसऱ्याने चढलेला राग केवळ बाहेर दिसू दिला नाही; हे दडपणे. प्रौढांवरील प्रयोगांत असे आढळले आहे की, भावना दडपल्याने चेहरा शांत दिसला तरी नकोशी भावना कमी होत नाही, शरीरावरचा ताण उलट वाढतो आणि त्या वेळी पाहिलेले-ऐकलेले कमी लक्षात राहते.

हा फरक बाहेरून दिसत नसल्याने मुलालाच विचारावे लागते. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांनी 2003 मध्ये मांडलेल्या 10 विधानांच्या प्रश्नावलीत 6 विधाने अर्थ बदलण्याविषयी आणि 4 दडपण्याविषयी आहेत. दोन्हींचे गुण वेगळे धरले जातात, त्यांची बेरीज करत नाहीत. पुढे 10 ते 18 वयोगटासाठी तिची सोपी आवृत्तीही तयार झाली. अर्थात या वयात 'चांगले' उत्तर कोणते हे मुले चटकन ओळखतात, म्हणून असे गुण प्रगतिपुस्तकात उतरवणे मला धोक्याचे वाटते. मदत कोणाला आणि कशी करावी, एवढ्यापुरताच त्यांचा उपयोग असावा.

मदतीची पद्धतही वेगळी ठरते. 'शांत बस, रडू नकोस' या सूचनेने दडपण्याचाच सराव होतो. प्रसंग निवल्यावर 'त्याने तसे का केले असेल, याची आणखी दोन कारणे सांग' असे विचारले, तर अर्थ बदलून पाहण्याचा सराव होतो. मात्र मुलाला कोणी सतत छळत असेल, तर त्याला तो छळ वेगळ्या नजरेने पाहायला सांगणे हा अन्यायच आहे. तिथे आधी छळ थांबवावा लागतो.