बाळ बोलते ते कुणाशी तरी

चौदा महिन्यांचे एक मूल जमिनीवर बसून चेंडूशी खेळत आहे. चेंडू घरंगळत पलंगाखाली जातो. मूल वाकून बघते, हात पोचत नाही म्हणून मागे वळते, शेजारी बसलेल्या आईकडे पाहते, पलंगाखाली बोट दाखवते आणि म्हणते, "बॉ!" आई मुकाट्याने चेंडू काढून देऊ शकते. पण ती आधी मुलाच्या बोटाच्या दिशेने वाकून बघते आणि म्हणते, "बॉल? बॉल पलंगाखाली गेला. काढू या का?" मग ती थांबते. मूल पुन्हा पलंगाखाली बघते, पुन्हा आईकडे बघते, आणि जरा वेळाने म्हणते, "का‌ऊ." "हो, काढू. हा बघ बॉल!"

अर्ध्या मिनिटाच्या या देवाणघेवाणीत मुलाने एक शब्द तीनदा ऐकला, आणि तिन्ही वेळा त्याचे सगळे लक्ष त्या शब्दाच्या वस्तूवरच होते. मूल बोलायला कसे शिकते याविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे संशोधन झाले, त्याचे सार मला या प्रसंगात दिसते. मूल नुसते ऐकून बोलायला शिकत नाही. आपण काही केले की समोरचे माणूस उत्तर देते, या अनुभवातून ते शिकते.

ऐकण्याची तयारी अर्थातच फार आधी सुरू होते. गर्भाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकू येऊ लागतात, आणि आईचा आवाज तर शरीराच्या आतूनही पोचत असतो. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवून दिले, की चोखण्याच्या लयीनुसार ऐकू येणारा आवाज बदलेल अशी चोखणी दिली, तर जन्मून जेमतेम दोन-तीन दिवस झालेली बाळे चोखण्याचा वेग बदलून आपल्या आईचा आवाज ऐकण्याची संधी साधतात आणि परक्या बाईच्या आवाजापेक्षा तो अधिक पसंत करतात. पुढच्या काही महिन्यांत बाळाचा कान जे करतो ते मोठ्यांना जमणारे नाही. 'ताट' हा शब्द घ्या. त्यातले 'त' आणि 'ट' आपल्याला इतके वेगळे वाटतात, की त्यांची गल्लत होऊ शकते हेच पटत नाही; परंतु इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांना हिंदीतले हे दोन ध्वनी वेगळे ओळखणे फार अवघड जाते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक सहज कळत होता, आणि दहा ते बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता जवळपास ओसरली होती. हिंदी बोलणाऱ्या घरांतील बाळांनी मात्र ती टिकवून ठेवली. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्याआधीच बाळ आपल्या घरातल्या भाषेचे ध्वनी निवडून घेत असते आणि उरलेल्यांकडे दुर्लक्ष करायला शिकत असते.

मग घरात दिवसभर एखाद्या भाषेचा आवाज चालू ठेवला, तर ती भाषा बाळाच्या कानात आपोआप मुरेल का? हा प्रश्न अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला, आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांच्या एका गटाशी मँडरिन चिनी बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून खेळल्या आणि त्यांना गोष्टी वाचून दाखवल्या. अशी एकूण १२ सत्रे झाली, प्रत्येक साधारण २५ मिनिटांचे. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तीच खेळणी आणि तीच पुस्तके पडद्यावर दिसली. तिसऱ्या गटाला फक्त आवाज ऐकवला गेला. प्रत्यक्ष माणसासोबत बसलेल्या बाळांना चिनी ध्वनींमधला एक बारीक फरक उत्तम ओळखता येऊ लागला. पडद्यासमोर बसलेल्या आणि नुसता आवाज ऐकलेल्या बाळांच्या बाबतीत मात्र त्या ध्वनींच्या ओळखीत काहीही भर पडली नाही.

माणसाच्या सहवासात असे काय असते, जे पडद्यात नसते? याचे सर्वांत नेमके उत्तर मला त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मायकेल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात सापडते. आठ महिन्यांच्या आसपासची बाळे खेळत होती आणि त्यांच्या आयांच्या कानाला हेडफोन लावलेले होते. एका गटातील आईला सूचना अशी मिळे, की बाळाने आवाज काढला रे काढला की हसायचे, जवळ सरकायचे आणि त्याला स्पर्श करायचा. दुसऱ्या गटातील आयाही तितक्याच वेळा हसल्या, तितक्याच वेळा जवळ गेल्या. फक्त त्यांना सूचना मिळत होती ती दुसऱ्याच बाळाच्या वेळापत्रकानुसार, त्यामुळे त्यांच्या हसण्याचा आपल्या बाळाच्या आवाजाशी मेळ नव्हता. पहिल्या गटातील बाळांचे आवाज त्या एका बैठकीतच अधिक स्पष्ट आणि अधिक बोलण्यासारखे झाले. दुसऱ्या गटात तसे घडले नाही. प्रेम दोन्हीकडे सारखेच होते, वेळ तेवढी चुकत होती. बाळ जेव्हा 'बाबाबा', 'दादादा' करते, तेव्हा त्या आवाजांना अजून अर्थ नसतो. पण त्यांना उत्तर मिळाले की आपल्या तोंडातून निघणारा आवाज समोरच्या माणसावर परिणाम करतो हे बाळाला उमगते.

पडद्याचा प्रश्नही याच कसोटीवर बराचसा सुटतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे तीन प्रकारे शिकवली गेली: समोर बसून, व्हिडिओ कॉलवरून आणि आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवरून. मुले समोरच्या माणसाकडून शिकली आणि व्हिडिओ कॉलवरूनही शिकली, कारण कॉलवरचे माणूस मुलाच्या बोलण्याला आणि हालचालींना त्या त्या क्षणी प्रतिसाद देत होते. चित्रित व्हिडिओतून मात्र त्यांनी शब्द उचलले नाहीत. लांब राहणाऱ्या आजीशी फोनवर बघून बोलणे आणि तासभर गाण्यांचे व्हिडिओ लावून देणे या दोन्हींना 'स्क्रीन' म्हणून एकाच पारड्यात तोलणे म्हणूनच बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना एक वर्षाखालील बाळांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन वर्षांच्या मुलांसाठी ही वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावी असे सांगतात.

पण पालकांच्या हातातल्या फोनबद्दल याहून कमी बोलले जाते, आणि मला ती बाब जास्त काळजीची वाटते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आया आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवत होत्या. एक शब्द शिकवताना मध्येच त्यांना फोन आला, दुसरा शब्द विनाखंड शिकवला गेला. दोन्ही शब्द मुलांच्या कानावर सारख्याच वेळा पडले होते, तरी मुलांनी आत्मसात केला तो विनाखंड शिकवलेला शब्दच. धागा तुटला की शब्द हातचा जातो, इतके हे नाजूक असते.

तेव्हा मुलाशी बोलायचे कशाबद्दल, याचे उत्तर मुलाच्या नजरेत शोधावे. मायकेल टोमासेलो आणि मायकेल फरार यांना १९८६ साली आढळले, की दीड वर्षाच्या आसपासचे मूल ज्या वस्तूकडे आधीच पाहत असते तिचे नाव सांगितले तर ते चांगले लक्षात राहते. त्याचे लक्ष दुसरीकडून ओढून आणून सांगितलेले नाव तितके राहत नाही. मूल मोजा ओढत असताना त्याला चित्रातला हत्ती दाखवण्यात अर्थ नाही. त्या वेळी "मोजा ओढतोयस? निघाला! आता पाय उघडा झाला," एवढे म्हणणे पुरेसे असते. पाहुण्यांसमोर मुलाला "काका म्हण, म्हण बघू काका," असा आग्रह आपण सगळेच हौसेने करतो. परंतु त्या क्षणी मुलाला सांगण्यासारखे स्वतःचे काहीच नसते, त्यामुळे बोलणे म्हणजे परीक्षा आहे असे त्याला वाटू लागते आणि पुष्कळदा ते तोंड मिटून घेते.

मुलाला वेळ देणे हा याचाच दुसरा भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. प्रौढांच्या संभाषणात एकाचे वाक्य संपल्यावर दुसरा सरासरी अवघ्या एक पंचमांश सेकंदात बोलू लागतो, असे जगातील दहा भाषांच्या तुलनेत २००९ साली आढळले होते. लहान मुलाला ऐकलेले समजून घेऊन, शब्द शोधून, जीभ आणि ओठ त्याप्रमाणे हलवायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आपण आपल्या वेगाने थांबतो, उत्तर आले नाही असे समजतो आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतो. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात सावकाश पाच अंक मोजून पाहावेत. पहिल्यांदा ते अवघडल्यासारखे वाटते. पण अनेकदा तिसऱ्या-चौथ्या अंकाला मुलाचे ओठ हलू लागलेले दिसतात.

लहानग्यांशी आपण जो चढउताराचा, लाडिक, सावकाश सूर आपोआप लावतो, त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. १६ देशांतील ६७ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळांना मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्यापेक्षा हाच सूर ऐकायला आवडतो, हे पुन्हा एकदा दिसून आले. घरात दोन भाषा असतील तर मूल गोंधळेल ही भीतीही निराधार आहे. दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर अशा मुलांचे शब्द इतरांच्या बरोबरीने वाढतात.

दोन-तीन वर्षांचे मूल "मी करलं" म्हणते तेव्हा ते चुकते खरे, पण ती चूक त्याच्या बुद्धीची साक्ष आहे. 'करलं' हा शब्द त्याने मोठ्यांकडून ऐकलेला नसतो. 'बसलं', 'पडलं', 'धरलं' ऐकून त्याने नियम स्वतः काढला आणि तो 'कर'ला लावून पाहिला. 'केलं' हे रूप नियमाला सोडून आहे, यात मुलाचा दोष नाही. "करलं नाही, केलं म्हण," असे टोकण्यापेक्षा "अरे वा, तू एकट्याने केलंस?" असे उत्तर द्यावे. त्यात योग्य रूप मुलाच्या कानावर पडते, आणि त्याला जे सांगायचे होते ते आपण ऐकले हेही त्याला कळते.

प्रत्येक मुलाचा वेग निराळा असतो हे खरे असले, तरी त्या वाक्याच्या आधारावर फार काळ स्वस्थ बसू नये. वर्षाचे झालेले मूल बडबडत नसेल, बोटाने दाखवत नसेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षांपर्यंत "आई ये", "पाणी दे" अशी स्वतःची दोन शब्दांची वाक्ये येत नसतील, किंवा कोणत्याही वयात येणारे शब्द बोलणे थांबले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून सर्वांत आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. "मुलगा आहे, मुलगे उशिरा बोलतात," या समजुतीपायी मोलाचे महिने वाया जातात. मुलगे-मुलींच्या सरासरीतला फरक फार थोडा असतो. ऐकण्यातला दोष नवजात बाळातही काही मिनिटांच्या वेदनारहित तपासणीत लक्षात येऊ शकतो, आणि पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपाय सुरू, हे वेळापत्रक तज्ज्ञ मानतात.

ज्या बाळांना ऐकू येत नाही, पण ज्यांचे आईवडील त्यांच्याशी जन्मापासून खुणांच्या भाषेत बोलतात, त्यांचे निरीक्षण लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले. ऐकू येणारी बाळे ज्या वयात 'बाबाबा' करतात, त्याच वयात ही बाळे हातांनी बडबडत होती: खुणांच्या भाषेतील हातांचे सुटे आकार, अजून अर्थ नसलेले, पुन्हा पुन्हा, तालात.