जड पाणी (पुणे परिसर)

कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार ज्यात जास्त विरघळलेले असतात ते जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. घरात ‘बोअरचं पाणी’ म्हटले की सगळ्यांना कळते. जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात २०० ही मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

पुण्याचे पाणी जड आहे का, हे विचारणाऱ्याने आधी नळ कोणता ते सांगावे. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर धरणांत साठणारे पावसाचे पाणी खडकात फारसे मुरलेले नसते, म्हणून महापालिकेच्या पाण्यात साबण चटकन फेसाळतो. बोअरचे पाणी बेसॉल्टच्या भेगांतून झिरपत येते आणि वाटेत क्षार उचलते. वाघोली, उंड्री, पिसोळी अशा बोअर-टँकरवर भिस्त असलेल्या भागांत तक्रारी जास्त त्या यामुळेच. (गंमत अशी, की वाघोलीच्या दगडखाणींत सापडणारे स्टिल्बाइट हे झिओलाइट गटातले खनिज, आणि पाणी मृदू करायची सुरुवातीची यंत्रे झिओलाइटवरच चालत.) बऱ्याच सोसायट्यांत स्वयंपाकघराला महापालिकेची आणि बाथरूमला बोअरची लाइन असते, काही ठिकाणी दोन्ही पाणी जमिनीखालच्या टाकीतच एक होते. उन्हाळ्यात टँकर बदलला की जडपणाही बदलतो. त्यामुळे ऑगस्टमधल्या एका चाचणीवर सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र) घेऊ नये.

टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही, तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर आकडा जवळपास तोच दिसतो, आणि यंत्र बिघडले असे समजून भांडणे होतात. थेंब मोजायचा कीट घ्यावा: नमुन्याचा रंग लालसर जांभळ्यावरून स्वच्छ निळा होईपर्यंत त्यात पडलेले कीटमधल्या द्रावणाचे थेंब मोजायचे.

क्षारांचा थर धरतो तो मुख्यतः पाणी तापवल्यावर. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. गिझरच्या कॉइलवर आधी पांढरी भुकटी बसते, मग तिचे अंड्याच्या टरफलासारखे कवच होते. कॉइलची उष्णता पाण्यात नीट जात नाही. कॉइल आतून जास्त तापते आणि शेवटी फुटते. तडतड आवाज येऊ लागला की गिझर उघडायची वेळ झाली. थर्मोस्टॅट ५०–५५ अंशांवर ठेवला तर थर हळू धरतो.

साफ करताना एमसीबी (गिझरच्या विजेचा खटका) पाडून पाणी गार होऊ द्यावे, गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून टाकी रिकामी करावी, मग खालच्या प्लेटचे नट सोडवून कॉइल बाहेर काढावी. सुटे कवच लाकडी काडीने पाडावे. स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यास कॉइलच्या नळीला चरे पडतात. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातले लिंबूसत्त्व) घालून कॉइल २–३ तास बुडवावी, विजेची टोके मात्र कोरडी राहिली पाहिजेत. १०० ग्रॅम थराला सुमारे १३० ग्रॅम ॲसिड लागते, म्हणून बुडबुडे थांबले आणि थर उरला असेल तर द्रावण बदलावे. पाणी उकळू नये. कॅल्शियम सायट्रेट उकळत्या पाण्यात कमी विरघळते आणि नवाच पांढरा साका तयार होतो. मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) निम्म्याहून झिजला असेल तर बदलावा, गॅस्केट नवे घालावे. सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने अडकलेला नाही ना, तेही पाहावे. चुकते ते बहुधा शेवटी: गरम नळातून सलग धार येण्याआधीच स्विच लावला जातो आणि कोरडी कॉइल जळते.

नळाची जाळी आणि शॉवर अर्धा तास याच द्रावणात ठेवून जुन्या टूथब्रशने घासले की पुरे. रात्रभर ठेवल्यास क्रोमचा मुलामा जाऊ शकतो. ओट्यावर मात्र जपावे. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडकच असल्याने ॲसिड त्यांनाही खाते आणि खरबरीत डाग राहतो. ग्रॅनाइटला सहसा धोका नाही. कोणतेही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळू नये, विषारी क्लोरीन सुटतो. काचेवरचा डाग ॲसिडने फसफसत नसेल तर तो सिलिकाचा किंवा साबणाचा असू शकतो. सिलिका लिंबूसत्त्वाने जात नाही.

जडपणा खरोखर काढतो तो रेझिनचा (कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून बदल्यात सोडियम सोडणाऱ्या बारीक मण्यांचा) सॉफ्टनर. १ लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरते. २५ लिटरच्या टाकीतून ५०० जडपणाचे सुमारे २,५०० लिटर पाणी निघते, मग ३–४ किलो मिठाचे साधारण १० टक्क्यांचे द्रावण अर्ध्या तासात हळूहळू सोडून रेझिन पुन्हा चेतवावे लागते. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर रेझिन तपकिरी पडून निकामी होत जाते. तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही. नळीला बांधायची चुंबके पाण्यातले कॅल्शियम कमी करत नाहीत. त्यांच्यावर पैसे घालवू नयेत.

जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही ती कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या पदार्थाला) घट्ट बांधते म्हणून. डाळ महापालिकेच्या किंवा आरओच्या पाण्यात भिजवून त्यातच शिजवावी. सॉफ्टनरचे पाणी डाळीला चालेल, पण ५०० जडपणाच्या पाण्यात त्यामुळे लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम येते. रक्तदाब असलेल्यांना ते पिण्यास देऊ नये, आणि गॅलरीतल्या कुंड्यांनाही घालू नये.