गाडी बघून कळतं ते काय: स्वभाव की परिस्थिती?

सोसायटीच्या पार्किंगमधून चक्कर मारताना हा खेळ बहुतेक जण मनातल्या मनात खेळतात. फॉर्च्युनर दिसली की 'बिल्डर नाहीतर नगरसेवक', वॅगन आर दिसली की 'हिशेबी माणूस', थार दिसली की 'लग्न व्हायचंय अजून'. गंमत म्हणून ठीक आहे. पण 'तुमची गाडी सांगते तुमचा स्वभाव' असं कुणी गंभीर चेहऱ्याने सांगायला लागलं की तिथे दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. गाडीवरून माणसाची परिस्थिती कळते हे एक विधान आणि स्वभाव कळतो हे दुसरं. पहिलं बऱ्यापैकी खरं आहे. दुसऱ्यात तथ्य थोडं, आणि जे आहे तेही मॉडेलच्या नावात फारसं सापडत नाही.

परिस्थिती म्हणजे नुसता पैसा नव्हे. घरात माणसं किती, त्यातली गुडघे धरून चालणारी किती, गाडी रोज किती पळणार, रात्री कुठे उभी राहणार, गावाकडचा रस्ता कसा, हप्ता कितीचा झेपतो, पाच वर्षांनी विकताना किती येतील, हे सगळं त्यात आलं. हे बदललं तरी जे बदलत नाही तो स्वभाव: धीर, धसमुसळेपणा, टापटीप, मिरवायची हौस, धोका पत्करायची तयारी.

वॅगन आरच घ्या. १९९९ मध्ये ती आली तेव्हा लोक 'डबा' म्हणून हसले होते. तोच डबा पंचवीस वर्षांनंतरही खपतोय, आणि त्याचं कारण मालकाच्या कंजूषपणात शोधायची गरज नाही. छत उंच, सीट अशा उंचीला की नऊवारीतल्या आजीला आत शिरताना वाकावं लागत नाही आणि उतरताना कुणाचा हात धरून वर यावं लागत नाही. नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. सीएनजीवाली असेल तर निम्मी डिकी सिलिंडरने खाल्लेली असते, म्हणजे गावी जाताना बॅगा मांडीवर. हे मालकालाही आवडत नसतं. पण हडपसर ते हिंजवडी रोज जाऊन-येऊन करणाऱ्याला पेट्रोल आणि सीएनजी यांतला फरक महिन्याच्या शेवटी बँक खात्यात दिसतो. हाच माणूस तरुणपणी बुलेटवरून लेह-लडाख करून आलेला असू शकतो. त्याच्या वॅगन आरवरून एवढंच कळतं की घरात आजी आहे आणि ऑफिस लांब आहे.

उलट बाजूने थार बघा. २०२० मध्ये नवी थार आली ती तीन दारांची. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट दुमडून आत चढायचं. कितीतरी घरांत नवऱ्याने शोरूममध्ये नेऊन थार दाखवली, बायकोने एकदा मागे चढून बघितलं आणि घरी आली क्रेटा किंवा नेक्सॉन. १५ ऑगस्ट २०२४ ला पाच दारांची थार रॉक्स आली आणि अडलेली घोडी सुटली. आता सांगा, २०२१ मधला तो क्रेटावाला आणि २०२४ मधला रॉक्सवाला यांचे स्वभाव वेगळे होते का? माणूस तोच, इच्छा तीच. महिंद्राने दोन दारं वाढवली, एवढाच फरक.

या विषयावर संशोधन झालेलं आहे, आणि जुनं आहे. जाहिरातवाल्यांना गाडी म्हणजे मनाचा आरसा ही कल्पना फार लाडकी. १९३९ च्या सुमाराला अर्नेस्ट डिक्टर या मानसशास्त्रज्ञाने क्रायस्लर कंपनीसाठी काम करताना काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे: पुरुष उघड्या टपाची कन्व्हर्टिबल बघायला दुकानात शिरतो आणि साधी सेदान घेऊन बाहेर पडतो, कारण पहिली त्याच्या मनात प्रेयसी असते आणि दुसरी बायको. ऐकायला खमंग आहे. पण ते मोजून कुणी दाखवलं नव्हतं.

मोजून बघितलं ते फ्रँकलिन इव्हान्स यांनी, १९५९ मध्ये. शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्ट या उपनगरातले फोर्डचे आणि शेव्हर्लेचे मालक त्यांनी निवडले. त्या काळी या दोन गाड्या किमतीला आणि कामाला जवळपास सारख्या, पण जाहिरातींत फोर्डवाला म्हणजे धडाडीचा आणि शेव्हर्लेवाला म्हणजे जपून चालणारा अशी हवा होती. इव्हान्स यांनी मालकांच्या व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या घेतल्या आणि त्यावरून गाडी ओळखून बघितली. नाणं उडवून सांगितलं तरी १०० पैकी ५० बरोबर येतात. चाचण्यांवरून ६३ आले. मग उत्पन्न, गाडीचं वय असल्या रोजच्या, रूक्ष माहितीवरून सांगून बघितलं, तर ७०. म्हणजे मनाच्या चाचणीपेक्षा घरची साधी माहितीच जास्त बोलली. माझ्या मते या विषयातला सगळ्यात प्रामाणिक आकडा हाच, आणि नेमका हाच कुठल्या जाहिरातीत दिसत नाही.

स्वभावाचा काहीच संबंध नाही असंही नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या यान-एरिक लोनक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी १,८९२ गाडीमालकांचा अभ्यास केला. ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज चालवणाऱ्यांत हेकट, भांडखोर, दुसऱ्याची पर्वा न करणारे पुरुष जास्त निघाले. बातम्या इथेच थांबल्या आणि लोकांनीही 'तरी म्हटलंच' म्हणून पुढे पाठवल्या. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा की नेटके, जबाबदार, महत्त्वाकांक्षी लोकही, पुरुष काय आणि स्त्रिया काय, याच गाड्यांकडे वळतात. त्यांना दर्जेदार वस्तू हवी असते. म्हणजे पुढे उभ्या असलेल्या मर्सिडीजच्या काळ्या काचेमागे हेकट माणूस आहे की वेळेवर कर भरणारा शिस्तीचा गृहस्थ, ते बोनेटवरच्या चांदणीवरून कळणार नाही.

आपल्याकडे तर परिस्थितीत सरकारही मोडतं. रस्त्यावर उंच दिसणाऱ्या पण शेपूट आखूड असलेल्या एवढ्या गाड्या कुठून आल्या? लोकांना एकदम रुबाब हवासा वाटला म्हणून नव्हे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. कंपन्यांनी मेजरिंग टेप हातात घेतली. टाटांची इंडिगो सीएस त्या मापात बसवली गेली, २०१२ मध्ये डिझायरची डिकी कापून ३,९९५ मिलिमीटरवर आणली गेली. पुढे ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू सगळ्या त्याच मापाच्या. जीएसटीतही हीच रेघ पाळली जाते: सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या गाडीला १८ टक्के, त्यापेक्षा मोठीला ४० टक्के. एखाद्याची 'मिनी एसयूव्ही' बघून 'एसयूव्हीची हौस, पण हात आखडता' असं निदान करणाऱ्याने लक्षात ठेवावं की आखडता हात कररचनेचा आहे.

पांढऱ्या रंगाचंही तेच. पांढरा घेणारा शांत, साधा, वगैरे वगैरे. उन्हात कमी तापतो, विकताना गिऱ्हाईक पटकन मिळतं आणि अर्ध्या मॉडेलांत तोच शोरूममध्ये लगेच हजर असतो. विषय संपला.

आता एक अडचण. परिस्थितीनेच सगळं ठरत असतं तर नॅनो तुफान खपायला हवी होती. दोघं नवराबायको आणि दोन पोरं एका स्कूटरवर पावसात चाललेली बघून रतन टाटांना ती सुचली, २००९ मध्ये ती बाजारात आली, किंमत लाखाच्या घरात. परिस्थितीच्या हिशेबाने लाखो घरांना चपखल. तरी २०१८ मध्ये ती बंद पडली. बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातमधल्या साणंदला कारखाना हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, हे सगळं होतंच. पण सगळ्यात महागात पडलं ते 'सगळ्यात स्वस्त गाडी' हे बिरुद. दारात नॅनो उभी करणं म्हणजे 'आम्हाला एवढंच झेपलं' हे चार लोकांना सांगणं. ते नको म्हणून लोकांनी जास्त पैसे घालून जुनी अल्टो घेतली.

हा स्वभाव म्हणावा का? मला वाटतं, नाही. एकेकट्या माणसाचा गुण असता तर तो काहींत असता, काहींत नसता. 'लोक काय म्हणतील' हे आळीच्या आळीला लागतं. नेदरलँड्समधला पुरावा बोलका आहे. तिथे पोस्टकोडवर निघणारी लॉटरी असते. ज्या भागाचा कोड लागतो तिथल्या तिकीटवाल्यांना पैसे मिळतात आणि एकाला नवी बीएमडब्ल्यू. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं त्या शेजाऱ्यांनीही नंतर गाड्या घेतल्या. त्यांच्या मनात फरक पडला नव्हता, कुंपणापलीकडे पडला होता. आपल्याकडे याला लॉटरीही लागत नाही. भावकीत एकाच्या वाड्यासमोर स्कॉर्पिओ उभी राहिली की पुढच्या ऊस बिलाला काय होतं ते सांगायला नको.

मग स्वभाव दिसतो कुठे? ज्याची गरज नव्हती तिथे बघा. नंबर प्लेट हे उत्तम ठिकाण. ४१४१ चे आकडे थोडे वाकवले की 'दादा', २१४ चा 'राम', ४९१२ चा 'पवार'. या नंबरांनी गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढत नाही की आजीला चढायला सोपं होत नाही. एचएसआरपी, म्हणजे ठरावीक ठशाची सरकारी नंबर प्लेट, आल्यापासून आकडे वाकवता येत नाहीत, पण हौस कुठे जाते? २०२४ च्या दरवाढीनंतर मुंबई-पुण्यासारख्या शहरात चारचाकीला ०००१ हवा असेल तर ६ लाख रुपये फी आहे. तेवढ्यात साधी वॅगन आर दारात येते. नंबरवर गाडीएवढा खर्च करणाऱ्याबद्दल गाडीने जे सांगितलं नव्हतं ते नंबर सांगतो.

पण मिरवायला लावलेल्या गोष्टीही जपूनच वाचाव्यात. त्या माणसाने मुद्दाम दाखवलेल्या असतात. जास्त खरं बोलतं ते नकळत मागे राहिलेलं. टेक्सासमधले मानसशास्त्रज्ञ सॅम गॉसलिंग यांनी लोकांच्या खोल्या आणि ऑफिसं बघून हा फरक मांडला: भिंतीवर लावलेलं वेगळं आणि टेबलाखाली साचलेलं वेगळं. गाडीला तो जसाच्या तसा लागू पडतो, आणि जुन्या गाड्यांचे एजंट तो मानसशास्त्र न शिकता वापरतात.

चांगला एजंट गाडीचं नाव, रंग बघतच नाही. दार उघडून आधी खाली वाकतो आणि पेडल बघतो. मीटरवर ३० हजार किलोमीटर आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, रेघा गेलेल्या? मग एकतर मीटर मागे फिरवलंय किंवा चालवणारा सतत हाफ क्लचवर, पाय कधी उचललाच नाही असा. पुढच्या टायरच्या फक्त कडा झिजल्यात का बघतो: वळणावर वेग न सोडणारा, नाहीतर वर्षानुवर्षं अलाइनमेंट न करणारा. मग डिकीतला कार्पेट उचलतो. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहेत का. ग्लोव्ह बॉक्समधून एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेनुसार लावलेली सर्व्हिसिंगची बिलं निघाली तर तो काही न बोलता दहा हजार वाढवून सांगतो. तिथेच जुन्या पार्किंगच्या चिठ्ठ्या, चिकटलेली गोळी आणि संपलेल्या विम्याचा कागद निघाला तर इंजिन सुरू करायच्या आधीच भाव खाली. दोन्ही गाड्या स्विफ्ट, एकाच वर्षाच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या. मॉडेलवरून ओळखायला गेलात तर दोन्ही मालक तंतोतंत सारखे.

एकाच माणसाच्या लागोपाठच्या गाड्या समोर मांडता आल्या तर आणखी सोपं. मारुती ८००, मग सँट्रो, मग एर्टिगा, आता मुलं परदेशी गेल्यावर पुन्हा छोटी ऑटोमॅटिक: हा आलेख संसाराचा आहे. पण प्रत्येक वेळी तीन डीलरांची कोटेशनं शेजारी ठेवून, डिसेंबरअखेरच्या सवलतीची वाट बघून घेतली असेल, तर ते चारही गाड्यांत टिकलेलं आहे. तो स्वभाव.

हे सगळं कळून फायदा काय असं विचाराल तर स्थळं बघताना आहे. 'मुलाकडे गाडी कोणती' हा प्रश्न अजून सर्रास विचारला जातो, आणि उत्तर आलं की दोन्हीकडची मंडळी आपापल्या मनात मुलगा रंगवून मोकळी होतात. विचारायला हरकत नाही. हप्ता, घरातली माणसं, वडिलांचा हात किती हे त्यातून कळतं. मुलाबद्दल कळायला हवं असेल तर मुलीने एकदा त्याच्या शेजारी बसून संध्याकाळी सातला चांदणी चौकातून जाऊन यावं. रिक्षा आडवी घुसली की तो काय म्हणतो, सिग्नलला तीन सेकंद उरले असताना पाय कुठल्या पेडलवर जातो, आणि मागून ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की आरशात बघतो का. गाडी त्याच्या मामाची असली तरी चालेल.