कमी केलेलं वजन परत का वाढतं?

वजन कमी करणं तसं बऱ्याच जणांना जमतं, पण वर्ष-दोन वर्षांत ते परत आलं की लगेच ऐकवलं जातं की जिभेवर ताबा नाही, आणि ज्याचं वाढलंय त्यालाही हळूहळू तेच खरं वाटायला लागतं. मला हे अजिबात पटत नाही.

चरबीच्या पेशी नुसत्या साठवणुकीसाठी नसतात, त्या लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात (1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने ते शोधलं) आणि त्यावरून मेंदूला कळतं साठा किती उरलाय. चरबी घटली की लेप्टिन घसरतं आणि मेंदू समजतो की दुष्काळ पडला, मग भूक वाढव, ऊर्जेचा खर्च कमी कर असं सुरू होतं. डाएटमुळे चरबीच्या पेशी फक्त बारीक होतात, त्यांची संख्या तेवढीच राहते.

बरं हे चार दिवसांत थांबतं का, तर नाही. ऑस्ट्रेलियात 50 जणांना 10 आठवडे एकदम कमी कॅलरीच्या डाएटवर ठेवलं, सरासरी साडेतेरा किलो उतरले. 2011 मध्ये हा अभ्यास छापून आला. डाएट संपून वर्ष झाल्यावर परत तपासलं तर लेप्टिन अजून कमीच, भूक वाढवणारं घ्रेलिन अजून जास्तच, आणि लोकांना भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. वर्षभरानंतर, विचार करा!

सगळे मेटाबॉलिझमला दोष देतात, तो मंदावतो हे खरंच आहे, पण भूक जास्त छळते. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांच्या टीमच्या हिशोबाने उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च रोज 20 ते 30 कॅलरीने कमी होतो आणि भूक मात्र साधारण 100 कॅलरीने वाढते. म्हणजे 10 किलो उतरवलेल्या माणसाला रोज हजारेक कॅलरी जास्त खावंसं वाटतं, तेही खर्च कमी झालेला असताना, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

सेमाग्लुटाइडसारखी औषधं ही भूकच दाबतात, म्हणून तर एका चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. ज्यांचं वजन टिकतं त्यातले बरेच जण रोज तासभर तरी चालतात किंवा व्यायाम करतात आणि वजनकाट्यावर नियमित उभे राहतात, टार्गेट गाठल्यावरसुद्धा. तेव्हा डाएट प्लॅन घेताना पहिल्याच दिवशी विचारा, वजन उतरल्यानंतरच्या वर्षात भुकेचं काय करायचं, त्याचा प्लॅन आहे का तुमच्याकडे?