डोळ्यांभोवती साचलेले रक्त येते कोठून?

डोळ्याला मार लागला की भोवतालचा भाग सुजतो आणि काळा-निळा पडतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण डोळ्याला काहीही लागलेले नसताना पापण्या काळ्या-निळ्या पडतात, तेव्हा तेथे साचलेले रक्त मुळात कोठून आले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा आहे. तिच्याखालच्या ऊती इतक्या सैल असतात की थोडेसे रक्तही सहज पसरते व बाहेरून दिसते. शिवाय कपाळाचा स्नायू भुवईपाशी हाडाला जोडलेला नसतो. त्यामुळे टाळूवर किंवा कपाळावर मार लागून त्वचेखाली साचलेले रक्त एक-दोन दिवसांत खाली उतरून पापण्यांत येते. टेंगूळ ओसरू लागल्यावर डोळे काळे पडतात, ते बहुधा यामुळेच. पुढे रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होऊन आधी हिरवट बिलिव्हर्डिन आणि मग पिवळसर बिलिरुबिन तयार होते, आणि साधारण दोन आठवड्यांत डाग नाहीसा होतो. पहिल्या एक-दोन दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवल्याने सूज कमी होते. मात्र डोळ्यावर दाब देऊ नये.

मार लागलेला डोळा पुढे येऊ लागला, दृष्टी मंदावली किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. खोबणीत डोळ्यामागे रक्त साचून दाब वाढला, तर दृष्टी काही तासांतच कायमची जाऊ शकते.

डोक्याला जोराचा मार लागल्यानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळे उमटली, तर कवटीच्या तळाचे हाड मोडल्याची शंका घ्यावीच लागते. नाकातून पाण्यासारखा द्रव गळत असेल, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. अशा रुग्णाने नाक शिंकरू नये, आणि त्याच्या नाकातून नळी घालणेही धोक्याचे असते, कारण ती मोडलेल्या हाडातून थेट कवटीत शिरू शकते. निदानासाठी सीटी स्कॅन करतात.

मार लागलेलाच नसेल, तर रक्त पातळ करणारी औषधे, प्लेटलेटची कमतरता किंवा रक्ताचा कर्करोग यांचा विचार करावा लागतो. अमायलॉइडोसिस या दुर्मीळ आजाराच्या एका प्रकारात विकृत प्रथिने रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचून त्या इतक्या ठिसूळ होतात की खोकल्याने, शिंकेने किंवा नुसते डोळे चोळल्यानेही पापणीत रक्तस्राव होतो. त्याबरोबर जीभ जाड झालेली असेल, तर या आजाराची शंका बळावते.

लहान मुलांच्या बाबतीत मला सर्वाधिक काळजी वाटते. बहुधा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत सुरू होणारा न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग डोळ्यांच्या खोबणीच्या हाडांत पसरला, तर मूल पडलेले नसतानाही त्याच्या डोळ्यांभोवती काळे-निळे डाग दिसतात. अशा डागांमागे कधी मूल पडल्याचे गृहीत धरले जाते, तर कधी त्याला मारहाण झाल्याचा संशय येतो. मारहाणीची शक्यता तपासावीच लागते, पण त्याच वेळी मुलाचे पोट तपासून गाठ लागते का हे पाहणे, पोटाची सोनोग्राफी करणे आणि या गाठीतून स्रवणाऱ्या रसायनांचे अंश शोधण्यासाठी लघवीची तपासणी करणेही तितकेच आवश्यक असते.